डबल्स कुणाचे?

ब्रुकलिनच्या गजबजलेल्या त्रिनिदादी खाणावळीत कागदात गुंडाळून मिळणारे डबल्स पाहिले, की आपल्याला छोले-भटुरे आठवतात आणि ‘हे तर आपलंच’ असा शिक्का आपण मारून मोकळे होतो. मला तो अन्यायाचा वाटतो. १८४५ साली ‘फतेल रझाक’ जहाजातून पहिले भारतीय गिरमिटिये, म्हणजे करारानं बांधलेले मजूर, त्रिनिदादला उतरले. पुढे १९१७पर्यंत माणसं, बहुतेक भोजपुरी मुलखातली, उसाच्या मळ्यांवर जात राहिली. हळद, जिरं ही त्यांचीच शिदोरी, हे खरं. पण तळलेल्या दोन मऊ, पिवळ्या चकत्या, त्यांत रसदार छोले, वर चिंच, काकडी नि जाळ मिरची, हा उभ्याउभ्या खायचा नाश्ता १९३०च्या दशकात त्रिनिदादच्या प्रिन्सेस टाउनमध्ये घडला. त्यातली कोथिंबिरीसारखी शाडो बेनीची पानं तर अमेरिका खंडातलीच.

कुणी म्हणेल, मूळ भारतातलंच ना? असेल, पण मिरची समुद्रापलीकडून आली म्हणून कोल्हापूरचा तांबडा रस्सा परका ठरत नाही. आफ्रिकी वंशाचे त्रिनिदादीही डबल्स तितक्याच हक्कानं खातात. गिरमिट्यांच्या लेकरांनी हे घडवलं, त्यात नाइलाज किती आणि हौस किती, हा विचार मात्र मनात रेंगाळत राहतो.