मानाचे पान

माणसाच्या आयुष्यातील टप्पे मोजण्याची आपल्याकडील रीत मोठी रसिकपणाची आहे. साठी भरली की षष्ट्यब्दिपूर्ती, पंचाहत्तरीला अमृतमहोत्सव, आणि त्याही पुढे जो टिकेल त्याला सहस्रचंद्रदर्शन! वर्षांऐवजी पौर्णिमा मोजाव्यात, ही कल्पना ज्या कोणाला प्रथम सुचली असेल तो ज्योतिषी तर असलाच पाहिजे; पण थोडासा कवीही असावा. त्याचा हिशेब मात्र पक्का आहे. ऐंशी वर्षांचे चांद्रमास ९६०. तेवढ्या अवधीत पडणारे अधिक महिने सुमारे तीस. आणि वर आणखी दहा महिने उलटले म्हणजे हजाराचा आकडा भरतो. या मंगल प्रसंगी काय काय करावे, कोणते होम करावेत, दिवे कसे ओवाळावेत, दाने कोणती द्यावीत, हे सारे भटजींना तोंडपाठ असते. संध्याकाळच्या जेवणासाठी कोणते हॉटेल निवडावे, एवढीच एक गोष्ट कोणत्याही पोथीत सापडत नाही. आणि आजच्या कुटुंबात खरा खल होतो तो नेमका तिच्यावरच!

आमच्या मातोश्रींची हजारावी पौर्णिमा नुकतीच पार पडली. त्यांचा जन्म १९४४ सालचा, निजामाच्या राज्यातला. सातव्या निजामाच्या नावावरून उस्मानाबाद म्हटल्या जाणाऱ्या या जिल्ह्याबाहेर त्यांचे वास्तव्य फारसे कधी घडले नाही; पण घरबसल्या त्यांनी तीन राज्ये पाहिली. हैदराबाद संस्थान १९४८ च्या सप्टेंबरात भारतात विलीन झाले तेव्हा त्या चार वर्षांच्या होत्या. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. पुढे १९८२ साली लातूर वेगळे निघाले. २०२३ साली धाराशिव हे जुने नाव जिल्ह्याला परत मिळाले. राज्ये बदलली, सीमा बदलल्या, नावही बदलले. न बदललेली एकच गोष्ट म्हणजे घरातले शेवटचे पान त्यांचे असे.

शेवटचे पान म्हणजे काय, हे जुन्या घरात वाढलेल्या वाचकांना सांगणे नको. आधी पाहुणे व पुरुष, मग मुले, मग लेकी-सुना, आणि सर्वांचे झाल्यावर भांड्याच्या तळाशी उरेल ते घेऊन बसणारी घरची बाई. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरच्या तांबड्या मिलोच्या भाकरी आमच्या घरी होत. त्या गरम असतानाच कशाबशा घशाखाली उतरत. गार झाल्या की चावता चावत नसत. मातोश्रींच्या वाट्याला त्या नेहमी गारच येत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी-सास्तूरचा सारा परिसर जमीनदोस्त केला. नंतर कित्येक दिवस आमच्या अंगणात चुली पेटत्या होत्या आणि मदतीसाठी येणारे-जाणारे जेवून जात होते. तेव्हाही त्या कधी जेवल्या, हे कोणी पाहिले नाही. त्यांनी याची तक्रार कधी केली नाही. त्यामुळेच, यात तक्रार करण्यासारखे काही आहे, हे आमच्या घरातील पुरुषमंडळींच्या ध्यानी यावयास फार काळ लागला.

तेव्हा सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी तरी पहिले पान त्यांचे मांडावे, असे सर्वांच्या मनाने घेतले. घरी ते शक्य नव्हते. त्यांना पाटावर बसविले तरी पहिला घास घेण्यापूर्वीच ‘मीठ वाढलं का रे?’ म्हणून त्या उठणार, हे ठरलेले! सकाळचा धार्मिक विधी घरी उरकावा आणि रात्री बाहेर जेवावे, असा मार्ग निघाला. तो निघताच घरात तीन पक्ष झाले.

पहिला पक्ष आमच्या वडील बंधूंचा. त्यांचे म्हणणे असे की, हजार पौर्णिमा काही वरचेवर भरत नाहीत. तेव्हा सोलापुरातल्या एखाद्या मोठ्या हॉटेलातच बेत करावा. दुसरा पक्ष नातवंडांचा. धुळे-सोलापूर राजमार्ग चौपदरी झाला आणि गावाबाहेरून बायपास निघाला तेव्हापासून, एके काळी बसस्थानकाच्या आसपास दाटीने बसलेली खाण्यापिण्याची दुकानेही रस्त्यामागोमाग गावाबाहेर चालती झाली आहेत. तेथे ऐसपैस आवार, गवती छपरे, दाराशी रंगविलेले बैलगाडीचे चाक आणि ‘चुलीवरची भाकरी’ अशी मोठमोठ्या अक्षरांतली पाटी! उस्मानाबादी शेळी देशभर नावाजलेली असल्याने अशा ठिकाणी मटणाचा रस्सा हाच मुख्य मान. पण शाकाहाऱ्यांसाठी शेवभाजी, पिठले आणि शेंगदाण्याची चटणीही असतेच. तिसरा पक्ष सुनांचा. कोठेही न्या, पण जेथे आईंना बसता येईल, ऐकू येईल आणि चावता येईल अशा ठिकाणी न्या, एवढेच त्यांचे मागणे होते. हा पक्ष संख्येने लहान नव्हता. पण त्याचा आवाज लहान होता.

मातोश्रींचे मत विचारले तेव्हा त्यांनी गवती छपराची चित्रे पाहून घेतली आणि म्हटले, “पिठलं-भाकरी खायला मोटारीनं जायचं, आणि वर पैसे द्यायचे! मग घरची चूल काय वाईट होती रे?” यावर नातवंडांकडेही उत्तर नव्हते.

खरे पाहता, आईला हॉटेलात नेणे हा सन्मान वाटावा, ही गोष्टच आपल्या समाजात अगदी नवी आहे. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याच्या आरोपावरून केवढे वादळ उठले होते! रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांनाही पुढे त्यासाठी प्रायश्चित्त घ्यावे लागले. तेथून १९३५ साली लक्ष्मी रस्त्यावर नानासाहेब सरपोतदारांनी पूना गेस्ट हाऊस काढेपर्यंत काळ बराच बदलला होता. मुंबईच्या गिरणगावात तर घर सोडून आलेल्या कामगारांना खानावळवाल्या बायांनीच जगविले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना संघटित केले, तेव्हा कोठे या बायांच्या कष्टांची समाजाने दखल घेतली. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानांच्या जोडीने सार्वजनिक उपाहारगृहांचाही नाव घेऊन उल्लेख आहे; धर्म, जात, लिंग अशा कारणांवरून तेथे कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे तो सांगतो. राज्याच्या मूलभूत कायद्यात खाण्याच्या जागेचा उल्लेख करावा लागला, यावरून पंगतीच्या भेदाने आपल्याकडे माणसांना किती दुखविले असेल, याची कल्पना येते. पंगतीत पान कोठे मांडायचे हे जन्माने ठरत असे आणि कधी मांडायचे हे पुष्कळदा स्त्री-पुरुषभेदाने ठरत असे. हॉटेलच्या टेबलाला यातले काही कळत नाही. जो येईल तो बसतो आणि सर्वांची ताटे एकदमच येतात. ज्या हॉटेलाने धर्म बुडेल अशी आमच्या पणजोबांना धास्ती होती, त्याच हॉटेलात घरच्या बाईला प्रथमच पहिल्या पंगतीला बसता आले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

हा विचार पटल्यावर आमच्या घरातील तीन पक्षांचा निकाल लागावयास वेळ लागला नाही. सोलापूर आमच्या गावापासून साठ-सत्तर किलोमीटर. मातोश्री सायंकाळी सातला जेवतात आणि नऊला निजतात. त्यांचा सन्मान करावयाचा आणि त्यांनाच अपरात्री मोटारीत डुलक्या घ्यावयास लावावयाचे, हा कोठला न्याय? बायपासवरच्या तीन-चार जागा आम्ही व आमच्या सूनबाई दिवसाउजेडी जाऊन पाहून आलो. एका ठिकाणी बसावयास बाजा होत्या. तरुणांना त्या मौजेच्या वाटतात, पण गुडघे गेलेल्या माणसाला बाजेवरून उठविण्यास दोघे लागतात. दुसऱ्या ठिकाणी गाण्यांचा असा कल्लोळ चालला होता की, आम्हालाच एकमेकांचे बोलणे ऐकू येईना. तिसऱ्या ठिकाणी जेवण वरच्या मजल्यावर होते. बावीस पायऱ्या, आणि कठडा एकाच बाजूला. एके ठिकाणी बुफेची व्यवस्था होती. ताट हाती घेऊन रांगेत उभे राहणे हा मातोश्रींच्या दृष्टीने दुष्काळी कामावरचा देखावा; त्यातून ताटात टाकलेले अन्न पाहून त्यांना घास गिळवत नाही. बहात्तर साल पाहिलेल्या कोणालाच तो गिळवत नसावा.

शेवटी पसंत पडली ती जागा दिसावयास अगदी साधी. तळमजला, आटोपशीर दालन, पाठ टेकावयास सरळ खुर्च्या, हात धुण्याची जागा जवळ, आणि शौचकूपात उंच बैठक. ही शेवटची गोष्ट लिहिण्यास कोणाला संकोच वाटेल. पण म्हाताऱ्या माणसाचा सारा आनंद कित्येकदा तिच्यावरच अवलंबून असतो, हे ज्यांच्या घरी वडीलधारी आहेत त्यांना ठाऊक आहे. मातोश्रींच्या गळ्यात तुळशीची माळ असल्याने स्वयंपाक निव्वळ शाकाहारी असणे अवश्य होते. तीही अट पुरी झाली. गल्ल्यावरच्या गृहस्थांना आम्ही विचारले की, भाकरी मऊ मिळेल काय? त्यांनी भटारखान्यातून एक भाकरी मागविली आणि काही न बोलता आमच्या पुढ्यात ठेवली. सूनबाईंनी ती चेपून पाहिली, मोडून पाहिली आणि मान डोलावली. तीस माणसांचा बेत तेथल्या तेथे ठरला.

त्या संध्याकाळी मातोश्रींना मधल्या खुर्चीवर बसविण्यात आले. पहिले ताट त्यांच्यापुढे आले: भाकरी, येसरची आमटी, वांग्याची भाजी, चटणी, आणि कुंथलगिरीच्या खव्याचे गुलाबजाम. त्यांनी सवयीने आजूबाजूला पाहिले. मीठ वाढलेले होते. पाणी भरलेले होते. उठण्यासारखे काहीच शिल्लक नव्हते. मग त्या जेवू लागल्या. गरम भाकरीचा घास त्यांनी आमटीत बुडविला तेव्हा आमच्या धाकट्या भगिनी हळूच म्हणाल्या, “आईला गरम जेवताना मी पहिल्यांदा पाहतेय.” यावर कोणी काही बोलले नाही.

दुसऱ्यांदा भाकरी घेऊन एक पोरसवदा वाढपी आला. मातोश्रींनी त्याला थांबविले.

“बाळा, तू जेवलास का?”

“नाही आजी. तुमचं सगळ्यांचं झाल्यावर.”

“मग गार होत असेल.”

तो नुसता हसला. मातोश्रींनी आणखी काही विचारले नाही. पण त्याच्याकडे त्या बराच वेळ पाहत होत्या. नंतर त्यांनी सूनबाईंना जवळ बोलाविले आणि घरून आणलेली पेढ्यांची पेटी आधी आत नेऊन द्यावयास सांगितले. “आधी रांधणाऱ्यांना, वाढणाऱ्यांना द्या. मग इकडे आणा,” असे त्या म्हणाल्या. बंधूंनी बिलाबरोबर आत काम करणाऱ्यांसाठी काही वेगळी रक्कम ठेवली आणि पुढच्या खेपेस त्यांची जेवणे आधी उरकून घ्यावीत, अशी विनंती त्या गृहस्थांना केली. त्यांना ती विचित्र वाटली असावी. पण त्यांनी ती ऐकून घेतली.

शेवटचे पान नाहीसे करता येते, अशी आमची समजूत होती. ते इतक्या सहजी नाहीसे होत नाही. एका घरातून उठून ते दुसऱ्या कोणाच्या तरी पुढ्यात जाऊन पडते, आणि ज्याने स्वतः ते साठ वर्षे सांभाळले त्यालाच ते चटकन ओळखू येते. तीस माणसे हसत-बोलत जेवत होती. वाढणारा उपाशी आहे हे एकट्या मातोश्रींना दिसले.

आईवडिलांच्या अशा दिवसासाठी हॉटेल कोणते निवडावे, असे कोणी आम्हाला विचारील तर आम्ही एवढेच सांगू: पायऱ्या मोजाव्यात, गोंगाट ऐकावा, भाकरी चेपून पाहावी, वेळ त्यांच्या निजेच्या मानाने ठरवावी, आणि वाढणारी माणसे केव्हा जेवतात याचीही चौकशी करावी. पदार्थांची यादी सर्वांत शेवटी पाहिली तरी चालेल. एका संध्याकाळचा प्रश्न एवढ्याने सुटतो. वर्षाच्या बाकीच्या दिवसांचा प्रश्न कोणत्याही हॉटेलवाल्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. आमच्या घरी तूर्त असे ठरले आहे की, दोन्ही वेळा सर्वांची पाने एकदम मांडावयाची आणि वाढप ज्याने त्याने आळीपाळीने करावयाचे. मातोश्रींना हा नियम अजून पुरता मान्य नाही. भाकरी ताटात पडली तरी त्या एकदा सर्वांच्या ताटांवरून नजर फिरवितात. पण त्या आता बसल्या जागेवरूनच ती फिरवितात.