हर, ला, ले, बर

‘से’ चालतं आणि ‘ले’ चालत नाही. का चालत नाही, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. इतकी वर्षं झाली, तरी विषय निघाला की माझा आवाज चढतो.

रायपुरात संस्कृत शिकवायचं म्हणजे घरात मराठी, वर्गात हिंदी, फळ्यावर संस्कृत आणि मधल्या सुट्टीत मुलांच्या तोंडी छत्तीसगढी. आमचं घर तात्यापाऱ्यातलं. भोसल्यांच्या अंमलात काही मराठी कुटुंबं इकडे आली, इंग्रजी कचेऱ्या आल्यावर आणखी आली. इथल्या मराठी माणसाला तो इतिहास तोंडपाठ असतो, त्यात शिरत नाही. व्याकरण मला आजोबांनी मराठी शिरस्त्यानं शिकवलं. स-ला-ते, ने-ए-शी, ऊन-हून, चा-ची-चे. ओसरीवर येरझाऱ्या घालत हे म्हणायचं, मग ‘रामः रामौ रामाः’ आणि मग जेवण. वृत्तं शिकताना त्यांनी ‘यमाताराजभानसलगा’ हा शब्द दिला. अक्षरं दहाच, पण पहिल्या आठांपैकी कुठल्याही अक्षरापासून सलग तीन उचलली की एक गण मिळतो. यमाता म्हणजे लघु, गुरु, गुरु, हा य गण. राजभा म्हणजे गुरु, लघु, गुरु, हा र गण. असे आठही गण त्या एका शब्दात बसतात. तो कोणी बनवला हे ठाऊक नसतानाही लहानपणी त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटायचा.

पुढे पाणिनी वाचला, तेव्हा कळलं की हे सगळं त्याच वंशातलं आहे. चौदा माहेश्वर सूत्रं. शंकराच्या डमरूतून निघाली अशी कथा आहे, पण रचना पाहिली तर ती पाठांतराची सोय आहे. प्रत्येक सूत्राच्या शेवटी एक खुणेचं अक्षर. मधलं एखादं अक्षर घ्यायचं, पुढची एखादी खूण जोडायची, की मधला सगळा गट एका टोपणनावात मावतो. अच् म्हटलं की सगळे स्वर, हल् म्हटलं की सगळी व्यंजनं. सात विभक्त्या गुणिले तीन वचनं, असे नामाचे एकवीस प्रत्यय. पहिला ‘सु’, शेवटच्याचं टोक ‘प्’, म्हणून सगळ्यांचं मिळून नाव सुप्. क्रियापदांच्या अठरा प्रत्ययांचं तसंच तिङ्. सुमारे चार हजार सूत्रांचं शास्त्र माणसांनी डोक्यात वागवलं ते अशा गाठी मारून. म्हणून कोणी आठवणीच्या युक्त्यांना पोरखेळ म्हटलं, की हा माणूस संस्कृत व्याकरणाच्या दारातही उभा राहिलेला नाही असं मी धरून चालते.

माझ्या वर्गात एक मुलगी अभनपूरकडच्या एका गावातून बसनं यायची. घरात छत्तीसगढीच, हिंदी शाळेत शिकलेली. नववीत माझ्याकडे आली तेव्हा शब्दरूपं तिला येत होती, विभक्तीचा अर्थ मात्र लागत नव्हता. हिंदी पुस्तकातला तक्ता सगळ्यांना असतो: कर्ता ने, कर्म को, करण से, संप्रदान के लिए, अपादान से, संबंध का-के-की, अधिकरण में-पर. तो तिनं पाठ केला होता. पण ‘ने’ म्हणजे नक्की काय, हेच तिला उमगत नव्हतं, कारण तिच्या घरी कर्त्याला ‘ने’ लागतच नाही. एक दिवस तिनं वहीचं मागचं पान उघडून दाखवलं. तिनं स्वतःचा तक्ता केला होता: हर, ला, ले, बर, ले, के, मा. सातांच्या सात, विभक्तीच्या क्रमानं.

ज्यांना छत्तीसगढी येत नाही त्यांच्यासाठी सांगते. ‘लइका हर’ म्हणजे तो मुलगा, कर्ता. हा ‘हर’ दर वेळी लागतोच असं नाही. ‘ला’ मराठीसारखाच, मला-तुलाला तिथे मोला-तोला. ‘हाथ ले’ म्हणजे हातानं, ‘पूजा बर’ म्हणजे पूजेसाठी, ‘रुख ले’ म्हणजे झाडावरून, ‘तरिया मा’ म्हणजे तळ्यात. तिनं शेजारी संस्कृत लिहिलं होतं: हस्तेन, पूजायै, वृक्षात्, तडागे. सगळं बरोबर.

मी ते पान बराच वेळ पाहत राहिले. आमच्या मराठी तक्त्यात द्वितीया आणि चतुर्थी दोन्हींना स-ला-तेच असतं, त्यामुळे मराठी मूल रामम् आणि रामाय यांत हमखास अडखळतं. तिच्याकडे त्या जागी ‘बर’ वेगळा होता. देण्याच्या वाक्यात तिचीही अडचण व्हायची. संस्कृतात बालकाय फळ देतात, छत्तीसगढीत लइका ला देतात. तिथे तिनं ‘ला’वर छोटी चौकट काढून ठेवली होती. म्हणजे युक्ती कुठे तुटते हेही तिचं तिनं शोधलं होतं. शिकवणाऱ्याला याहून जास्त काय हवं असतं?

मग संस्कृतची एक स्पर्धा आली. कुठल्या संस्थेची ते सांगत नाही. शब्दरूपं म्हणून दाखवायची आणि परीक्षक त्यावर प्रश्न विचारणार. तिनं रूपं स्वच्छ म्हटली. नदी, मति, राजन्, सगळी. उच्चारही चांगले. मग परीक्षकांपैकी एकानं विचारलं, वृक्षात् ही पंचमी आहे हे तू कशावरून ओळखतेस? वाक्य बनवून समजाव. ती म्हणाली, ‘वृक्षात् पत्रं पतति. रुख ले पाना गिरथे. ‘ले’ से अलग हो रहा है, इसलिए पंचमी.’

समोरची दोन-चार मंडळी हसली. परीक्षक हसले नाहीत. हसले असते तर मी कदाचित इतकी चिडले नसते. ते गंभीरपणे म्हणाले, ‘बेटी, यह संस्कृत की प्रतियोगिता है, गाँव की बोली की नहीं.’ आणि पुढे, ‘ले तो तुम तृतीया में भी बोलोगी. फिर पहचान कहाँ हुई?’

ती गप्प झाली. अभ्यास केलेलं मूल मोठ्या माणसापुढे गप्प होतं, तेव्हा ते बरोबर असूनही हरतं. बरोबर उत्तर देऊन तिला त्या भागाचे गुण मिळाले नाहीत.

निकालानंतर मी त्यांच्याकडे गेले. हात जोडून, सर म्हणून, नीट विचारलं: ‘सर, ‘से’ भी तो दोनों में है. करण में भी से, अपादान में भी से. उसमें पहचान कैसे होती है?’ ते म्हणाले, अपादानाच्या ‘से’पुढे कंसात ‘अलग होना’ लिहिलेलं असतं. मी म्हटलं, तिनं तेच तोंडानं सांगितलं, अलग हो रहा है, तुमच्यासमोर सांगितलं. त्यावर त्यांचं उत्तर होतं, ‘मैडम, से व्याकरण में लिखा है.’

हे वाक्य मला अजून सलतं. हिंदीत एकच प्रत्यय दोन कामं करतो, तेव्हा ती व्याकरणाची सूक्ष्मता, आणि छत्तीसगढीत एकच प्रत्यय तीच दोन कामं करतो, तेव्हा तो गावंढळपणा. दोन्हींत तसूभर फरक नाही. फरक फक्त एवढाच की एक भाषा पुस्तकाची आणि दुसरी बसस्टँडवरची. शिवाय ‘लिहिलेलं नाही’ हेही खरं नव्हे. हीरालाल काव्योपाध्याय या इथल्याच शिक्षकानं 1885मध्ये छत्तीसगढीचं व्याकरण लिहून पूर्ण केलं होतं. जॉर्ज ग्रिअर्सननं त्याचं इंग्रजी भाषांतर करून 1890मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. पुढे 1921मध्ये लोचनप्रसाद पांडेय यांनी वाढवलेली आवृत्तीही निघाली. 28 नोव्हेंबर 2007 रोजी छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा देणारं विधेयक इथल्याच विधानसभेनं मंजूर केलं, आणि दर वर्षी त्या तारखेला शाळाशाळांत छत्तीसगढीवर भाषणं होतात. भाषणं करायला ती भाषा चालते, पंचमी ओळखायला चालत नाही.

परीक्षकांचा मुद्दा जरा वेळ खरा धरला, तर लॅटिनचं काय करायचं? तिथे तर ‘ने’चं आणि ‘हून’चं काम एकाच विभक्तीकडे आहे. तलवारीनं मारलं तरी अ‍ॅब्लेटिव्ह, रोमहून निघाला तरी अ‍ॅब्लेटिव्ह. युरोपातली मुलं शतकानुशतकं ती भाषा शिकली, आणि शिकली तीही युक्त्यांनीच. अलेक्झांडर द व्हिला दे या फ्रेंच शिक्षकानं 1199च्या सुमारास लॅटिनचं अख्खं व्याकरण पद्यात बांधलं, ‘डॉक्ट्रिनाले’ नावाचं, अडीच हजारांहून जास्त ओळींचं. व्याकरण पद्यात का? तर पाठ व्हावं म्हणून. तीनेक शतकं ते शाळांत चाललं. तिथल्या मुलांच्या आणि माझ्या त्या मुलीच्या गरजेत मला काही अंतर दिसत नाही.

शिकवणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. नव्या वर्गात पहिल्याच आठवड्यात मुलांना घरच्या बोलीत वाक्यं लिहायला सांगा. झाडावरून पान पडलं, हातानं लिहिलं, पूजेसाठी फूल आणलं, तळ्यात कमळ आहे. मग प्रत्यय त्यांनाच शोधू द्या. रायपूरसारख्या गावात हे फार सोपं आहे, कारण एका बाकावर तीन घरच्या तीन बोली बसलेल्या असतात. माझ्याकडे ओडिया घरातला एक मुलगा आला होता. त्याच्याकडे ‘वरून’साठी ‘रु’ वेगळा होता, पण ‘हातानं’ आणि ‘तळ्यात’ दोन्हींना ‘रे’. त्याचा घोटाळा पंचमीत व्हायचाच नाही, तृतीया-सप्तमीत व्हायचा. हे आधी कळलं म्हणून हस्तेन आणि हस्ते ही जोडी त्याच्याकडून मुद्दाम पुन्हा पुन्हा करून घेतली. सगळ्यांना एकच छापील तक्ता दिला असता, तर तो कुठे अडतोय हे परीक्षेच्या पेपरातच दिसलं असतं.

इतकं सगळं बोलूनही बाजारातल्या ‘ट्रिक’ मला सोसत नाहीत, आणि यावर माझं घरच्यांशीही वाजतं. मोबाइलवर व्हिडिओ येतात, दहा मिनिटांत सारे समास, एका गाण्यात सगळे लकार. माझ्या भाचीचं म्हणणं, मावशी, तुझं यमाताराजभानसलगा चालतं, तर हे का नाही? प्रश्न बिनतोड आहे. माझं उत्तर तिला पटत नाही आणि कधी कधी मलाही पुरेसं पटत नाही. यमाता म्हणताना गण हातात येतो, त्या शब्दातच लघु-गुरु आहेत. ‘ले’ म्हणताना पान झाडापासून सुटलेलं दिसतं. त्या गाण्यात मात्र चालीखेरीज काही नसतं. चाल विसरली की लकारही गेला. पण मग ‘रामः रामौ रामाः’मध्ये तरी चालीखेरीज काय होतं? आजोबांनी अर्थ पुढे कितीतरी उशिरा सांगितला. तोवर मी नुसतीच म्हणत होते, आणि ते म्हणणं वाया गेलं असं मला वाटत नाही. उलट आज कुठलंही रूप अडलं की मनात तीच चाल आधी सुरू होते.

त्या मुलीनं अकरावीला वाणिज्य घेतलं. संस्कृत सुटलं. तिच्या घरच्यांचं म्हणणं असं की नोकरी त्यात आहे, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या स्पर्धेमुळे सुटलं असं मी म्हणणार नाही. पण स्पर्धेनंतर तिनं ते मागचं पान मला पुन्हा दाखवलं नाही, एवढं खरं. पुढच्या तुकडीसाठी मी तो तक्ता माझ्या हातानं मोठ्या कागदावर लिहून वर्गात लावला. हिंदी, मराठी, छत्तीसगढी, ओडिया असे चार रकाने, पाचवा रिकामा. ज्याच्या घरी आणखी काही असेल त्यानं भरायचा. एका वर्षी तेलुगू आली, एका वर्षी सिंधी. एका पालकानं तक्रार केली की मॅडम संस्कृतच्या तासाला बोलीभाषा शिकवतात. मी तक्ता काढला नाही.

द्विवचनाला मात्र यांतल्या कुठल्याच रकान्यात काही मिळत नाही. मराठीत नाही, हिंदीत नाही, छत्तीसगढीत नाही, ओडियातही नाही. रामाभ्याम् तृतीयेत, रामाभ्याम् चतुर्थीत, रामाभ्याम् पंचमीत. इथे बोली हात देत नाही आणि मी शोधत असलेली युक्ती अजून सापडलेली नाही. तोवर मुलांकडून मोठ्यानं म्हणवून घेते, वर्गाचं दार लावून, कारण शेजारच्या वर्गात गणिताचा तास असतो.