अट मोडायची नाही

'सैराट' बघून बाहेर पडणारे लोक सुन्न होते, पण त्या सुन्नपणात रागही होता. राग धरायला तिथं माणसं होती. आर्चीचा भाऊ, तिचा बाप, गाव, जात. मी संकलक आहे. रडवणारे प्रसंग कापणं-जोडणं हा माझा धंदाच, त्यामुळे प्रेक्षक नेमका कशानं रडतो हा माझ्या पोटापाण्याचा प्रश्न. त्याचं सगळ्यांत स्वच्छ उत्तर मला भुताखेतांच्या आणि अप्सरांच्या प्रेमकथांत मिळतं. तिथं राग धरावा असं कुणी नसतं. असते ती फक्त एक अट, आणि ती आपल्याला आधीच सांगून ठेवलेली असते.

शतपथ ब्राह्मणातली उर्वशी-पुरूरव्याची गोष्ट घ्या. तू मला विवस्त्र दिसता कामा नयेस, ही तिची अट. गंधर्व तिचे मेंढे पळवतात, राजा अंधारात तसाच उठून धावतो आणि गंधर्व नेमकी तेव्हाच वीज चमकवतात. झालं, उर्वशी गेली. राजाचा गुन्हा काय, तर बायकोच्या हाकेला धावला. कालिदासाला हे सोसवलं नसावं. 'विक्रमोर्वशीय'मध्ये इंद्राची अट वेगळी आहे: राजानं पुत्रमुख पाहिलं की उर्वशीनं स्वर्गात परतायचं. शेवटी नारद निरोप आणतात की आता ती राजाच्या हयातीपर्यंत राहू शकेल. देव-दानवांचं युद्ध तोंडावर आहे, राजानं शस्त्र खाली ठेवून चालणार नाही, म्हणून ही सवलत. नाटक गोड होतं, काव्याबद्दल तर बोलायलाच नको. पण पोटात कालवतं ते ब्राह्मणातल्या चार ओळी वाचूनच.

उलटा प्रवासही झाला आहे. पू सोंगलिंग हा सतराव्या शतकातला चिनी कथाकार. त्याच्या गोष्टीत भूत झालेली मुलगी हळूहळू माणसांत येते, संसार करते, तिला मुलगाही होतो. 1987 साली हाँगकाँगमध्ये निर्माता त्सुई हार्क आणि दिग्दर्शक चिंग सिउ-तुंग यांनी त्यावर 'अ चायनीज घोस्ट स्टोरी' काढला आणि संसार काढून टाकला. सिनेमा तसा धांगडधिंगा आहे. मैलभर जीभ काढणारी राक्षसीण आहे, उडत्या तलवारी आहेत, गाणं म्हणत मारामारी करणारा साधू आहे. शेवटी मात्र पहाट होते. उन्हाचा कवडसा अंगावर पडला तर ती संपणार, म्हणून लेस्ली चेउंगचा तो भाबडा वसुलीदार सगळं बळ लावून खिडकीतून येणारं ऊन अडवून धरतो. ती अस्थिकलशात परतते आणि नीट निरोप घ्यायचंही राहून जातं. तिला वाचवायचं तर ऊन अडवायचं, आणि ऊन अडवायचं तर तिच्याकडे बघत बसता येत नाही. तासभर हसलेलं थेटर इथं गप्प होतं.

या प्रकारातला माझ्या लेखी सर्वोच्च क्षण केन्जी मिझोगुचीच्या 'उगेत्सु'मध्ये आहे. या 1953च्या जपानी सिनेमाला व्हेनिसमध्ये रौप्य सिंह मिळाला होता. कुंभार गेन्जुरो पैशाच्या मागे लागून बायको-मुलाला मागे ठेवतो आणि एका उमरावकन्येच्या, म्हणजे तिच्या भुताच्या, मोहात अडकतो. सुटून घरी येतो तेव्हा घर ओसाड, चूल थंड. बायकोला हाका मारत तो मागच्या दारानं बाहेर पडतो आणि घराला वळसा घालतो. काझुओ मियागावाचा कॅमेरा आतूनच त्याच्याबरोबर फिरत परत चुलीपाशी येतो. आता चूल पेटलेली आहे आणि त्याची बायको मियागी स्वयंपाक करते आहे.

मध्ये एकही कट नाही. मला हा प्रसंग दिला असता तर मी थंड चूल, त्याचा चेहरा, पेटती चूल असे तीन तुकडे जोडले असते आणि प्रेक्षक लगेच म्हणाला असता, भास आहे. खोटं शिरायला कट ही फार सोयीची फट असते. ती फटच न ठेवल्यामुळे आपण मियागीवर गेन्जुरोइतकाच विश्वास ठेवतो. तो झोपतो, ती रात्रभर त्याचे कपडे शिवत बसते. सकाळी गावचा मुखिया येऊन सांगतो की तिला तर सैनिकांनी केव्हाच मारलं. इथं अटसुद्धा कुणी बोलून दाखवलेली नाही; उजाडेपर्यंतच, एवढीच ती आहे.

अट पाळायची की शेवटी माफ करायची, ही परीक्षा आपल्याकडे विजयदान देथांच्या 'दुविधा' या कथेची झाली. लग्न होताच नवरा पाच वर्षांसाठी व्यापाराला जातो आणि नवरीवर भाळलेलं भूत त्याचं रूप घेऊन घरी येतं. पण तिच्याशी खोटं बोलायला ते तयार नाही. आपण कोण, हे ते तिला सांगून टाकतं आणि निर्णय तिच्यावर सोडतं. मणी कौल यांच्या 1973च्या सिनेमात धनगर भुताला युक्तीनं पखालीत कोंडतो आणि मुलीची आई झालेली ती खऱ्या नवऱ्याच्या वाट्याला येते. तिला कुणी विचारतही नाही. अमोल पालेकरांच्या 'पहेली'त (2005) भूत शेवटी नवऱ्याच्याच अंगात शिरतं आणि तिला हवा तो माणूस मिळतो. पालेकरांची बाजू मला कळते. ज्या बाईनं एकदा तरी स्वतः निवड केली, तिची निवड पुन्हा हिसकावून का घ्यायची? कालिदासानंही उर्वशीसाठी दुसरं काय केलं होतं? तरी संकलक म्हणून माझं मत कौलांच्या बाजूनं पडतं. पाच वर्षांची मुदत पहिल्याच दिवशी ठरली होती. ती शेवटी माफ केली की मधल्या वर्षांच्या सुखाची किंमतही उतरते.

सुट्टीत दोन्ही सिनेमे लागोपाठच्या रात्री बघा. आधी 'पहेली', मग 'दुविधा'. क्रम उलटा केलात तर 'पहेली'वर अन्याय होईल.