हप्त्याहप्त्यानें

संकल्प करावयाला वर्षाचा पहिला दिवस फार वाईट. त्या दिवशीं माणसाला स्वतःविषयीं एरवीं नसतो तेवढा विश्वास वाटत असतो. समोर तीनशें पासष्ट कोरे दिवस पसरलेले दिसतात आणि त्या मोकळ्या मैदानावर आपला घोडा हवा तसा दौडेल असें वाटूं लागतें. पहांटे उठणें, दोन कोस चालणें, इतिहासाचे जाडजूड खंड, गोड वर्ज्य, सगळें एकाच सकाळीं ठरतें. संक्रांतीचा तिळगूळ घरांत येईपर्यंत यांपैकीं बहुतेकांनीं आपला निरोप घेतलेला असतो. उलट, रोजचा म्हणून केलेला संकल्प फार कठोर. एक दिवस पाहुणे आले, दुसऱ्या दिवशीं पाऊस लागला, कीं तो मोडला. आणि मोडलेल्या वस्तूला पुन्हां हात लावण्याचा उत्साह फार थोड्यांना असतो. वर्ष फार लांब, दिवस फार आंखूड. या दोहोंच्या मध्यें आठवडा आहे, आणि नेम पाळण्यासाठीं माणसाला याहून सोयीचें माप सांपडलेलें नाहीं, असें मला अनेक वर्षांच्या वहिवाटीनें वाटूं लागलें आहे.

गंमत अशी, कीं हें माप निसर्गानें दिलेलें नाहीं. दिवस सूर्यानें दिला, महिना चंद्रानें, वर्ष ऋतूंनीं. आठवडा मात्र आकाशांत शोधून सांपडत नाहीं. आपल्याकडेही तिथि जुनी आणि वार मागाहून आलेला. मध्यप्रदेशांत एरण येथें बुधगुप्ताच्या काळचा, इ. स. ४८४ मधला, स्तंभलेख आहे. त्यांत आषाढ शुद्ध द्वादशीच्या जोडीला गुरुवार नोंदलेला आहे, आणि वाराचा निश्चित उल्लेख असलेल्या भारतीय लेखांत तो अगदीं प्राचीन समजला जातो. पण मागाहून आलेला हा पाहुणा असा कांहीं ठाण मांडून बसला, कीं त्याला उठविण्याचे मोठमोठ्या सत्तांचे प्रयत्न फसले. फ्रान्समध्यें राज्यक्रांतीनंतर १७९३ सालीं दहा दिवसांचा आठवडा सुरू झाला. १८०६ च्या आरंभीं तें सबंध पंचांगच रद्द झालें. रशियांत १९२९ सालीं पांच दिवसांचा, मग सहा दिवसांचा प्रयोग झाला. १९४० सालीं सातांवर परत यावें लागलें. तेथल्या पांच दिवसांच्या आठवड्यांत निरनिराळ्या मजुरांना निरनिराळ्या दिवशीं सुटी असे, त्यामुळें नवऱ्याची सुटी आणि बायकोची सुटी यांची गांठ पडेना. सर्वांनीं एकाच दिवशीं थांबावें, ही आठवड्याची खरी देणगी. मुंबईच्या गिरणीकामगारांना ती फुकट मिळाली नाहीं. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं कित्येक वर्षें अर्ज आणि सभा केल्या, तेव्हां १० जून १८९० पासून रविवारची सुटी पदरांत पडली. रविवारीं निवांत बसून गेल्या सहा दिवसांचा झाडा घेणाऱ्यानें त्यांचें स्मरण ठेवण्यास हरकत नाहीं.

'हप्ता' या शब्दाची कुळकथा मला फार आवडते. फारसींत 'हफ्त' म्हणजे सात आणि 'हफ्ता' म्हणजे आठवडा. हिंदींत तो आठवडाच राहिला. मराठींत मात्र त्याचा अर्थ थोडथोडी करून फेडावयाच्या रकमेचा एक भाग असा झाला. (बाजारपेठांतील दादा मंडळींनीं त्याला आणखी एक अर्थ दिला आहे, तो येथें सोडून देऊं.) नेमाची जात कर्जासारखीच आहे. शरीराचें, देवाचें आणि आपल्याआधीं लिहून गेलेल्यांचें देणें माणसावर असतें. तें एकरकमी फेडण्याची ऐपत कोणाचीच नसते. हप्ते बांधून घेतले कीं छातीवरचें दडपण जातें, आणि एखादा चुकला तर सावकार लगेच दाराशीं येत नाहीं.

आठवड्याचें माप ज्यानें अगदीं हिशेबनिसाच्या काटेकोरपणें वापरलें तो बेंजामिन फ्रँकलिन. त्यानें आत्मचरित्रांत आपल्या लहानशा वहीची हकीगत दिली आहे. मिताहार, मौन, सुव्यवस्था, अशा तेरा सद्गुणांची यादी. पानावर सात वारांचे सात रकाने. प्रत्येक आठवड्याला एका सद्गुणावर विशेष पहारा, आणि चूक झाली कीं काळा ठिपका. तेरा आठवड्यांचा एक फेरा, वर्षाचे चार फेरे. जुने ठिपके खरवडून खरवडून कागदाला भोंकें पडलीं, तेव्हां त्यानें हस्तिदंती पानांची वही केली. पुढें वर्षाला एकच फेरा होऊं लागला, मग कित्येक वर्षांत एक, आणि शेवटीं प्रवासाच्या व कामकाजाच्या गर्दींत तोही सुटला. वही मात्र तो नेहमीं जवळ बाळगी. मला या हकीगतींतला तेरावा सद्गुण सर्वांत मनोरंजक वाटतो. मूळ यादी बाराचीच होती. एका क्वेकर मित्रानें, तूं गर्विष्ठ दिसतोस, असें स्पष्ट सांगितल्यावर तिच्यांत नम्रतेची भर पडली. आणि फ्रँकलिन प्रांजळपणें म्हणतो, कीं हा गर्व समूळ जिंकला असें वाटलें, तरी मग आपल्याला आपल्या नम्रतेचाच गर्व होईल.

आपल्या कहाण्या रचणाऱ्या बायांना हें त्याच्या पुष्कळ आधीं ठाऊक असावें. कहाणींत वसा देणारी ज्या अटी घालते त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. उतण्यामातण्याची मनाई आधीं होते, वसा टाकण्याची मागून. नेम सुटण्यापेक्षां नेम चढण्याचें भय तिला अधिक वाटतें! शिवाय वसा स्वतःचा स्वतः घ्यावयाचा नसतो. तो कोणीतरी द्यावा लागतो. आणि त्याला शेवट असतो. सोळा सोमवार झाले, कीं सतराव्याला उद्यापन. चार माणसें जेवतात आणि माणूस मोकळा होतो. हल्लींच्या आरोग्याच्या नेमांना उद्यापन नाहीं, हा मला त्यांतला मोठा दोष वाटतो. शास्त्रकार तर सवलतींच्या बाबतींत आपण समजतों त्यापेक्षां पुष्कळ उदार आहेत. पाणी, कंदमुळें, फळें, दूध, औषध यांनीं उपास मोडत नाहीं असें सांगणारें वचन प्रसिद्ध आहे. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांचा धर्मसिंधु किंवा कमलाकरभट्टाचा निर्णयसिंधु पाहिला, तर अशक्ताच्या वतीनें प्रतिनिधीनें व्रत चालविण्याचीही सोय आहे: मुलानें, भावानें, बायकोनें नवऱ्यासाठीं, नवऱ्यानें बायकोसाठीं. या शेवटच्या सवलतीकडे मी पूर्वीं फारसें लक्ष दिलें नव्हतें.

आजचें वैद्यकही आठवड्याचीच भाषा बोलतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं दिलेला सल्ला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाचा, असा आहे. एका वेळीं निदान दहा मिनिटें तरी हवींत, ही २०१० मधली अट त्या वेळीं काढून टाकण्यांत आली. रोज दहा हजार पावलें हा जो आंकडा सर्वांच्या तोंडीं आहे, त्याचें मूळ मात्र एखाद्या वैद्याच्या संशोधनांत नाहीं. जपानांत १९६५ सालीं विक्रीला आलेल्या पावलें मोजणाऱ्या एका यंत्राचें नांवच 'दहा हजार पावलें मोजणारें' अशा अर्थाचें होतें. आमच्या मुलानें माझ्या मोबाइलमध्यें नेम मोजणारी एक सोय घालून दिली आहे. ती सलग दिवसांची माळ ओवते, आणि एक दिवस चुकला कीं माळ तोडून शून्यावर आणते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील संशोधकांनीं ९६ माणसांच्या संवयी तपासून २०१० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. संवय अंगवळणी पडावयास मध्यम मानानें ६६ दिवस लागले, कोणाला १८, तर कोणाला त्यांच्या अदमासानें २५४. आणि मध्यें एखादा दिवस चुकल्यानें फारसें कांहीं बिघडलें नाहीं. ही गोष्ट त्या यंत्राला कोणी सांगितलेली दिसत नाहीं.

आमच्या घरचा हिशेब एका लांबट वहींत असतो. तिच्यांत तीनच रकाने: चालणें, पोथी, पुस्तक. रविवारीं दिवेलागणीनंतर ती उघडावयाची, गेल्या आठवड्याचे आंकडे लिहावयाचे आणि पुढच्याचे ठरवावयाचे. चालणें दोघांचें, पुस्तक माझें, पोथी पत्नीची. पोथी म्हणजे ज्ञानेश्वरी. तिच्या ओव्या नऊ हजारांच्या थोड्या वर. रोज २५, म्हणजे आठवड्याला १७५ धरल्या, तर वर्षांत ग्रंथ पुरा होतो आणि तीनचार दिवसच काय ते हातीं उरतात. हा हिशेब तिला तिच्या आईकडून मिळाला, वसा मिळावा तसा.

तीन वर्षांपूर्वीं तिच्या दोन्ही डोळ्यांत कांचबिंदु असल्याचें निदान झालें. हा रोग आधीं कडेकडेची नजर खातो, म्हणून पुष्कळ दिवस कळतच नाहीं. आणि गेलेली दृष्टि परत येत नाहीं. औषधाचे थेंब, फार तर शस्त्रक्रिया, यांनीं उरलेली राखावयाची, एवढेंच हातीं असतें. यंदा श्रावणांत, अकरावा अध्याय अर्ध्यावर आला असतां, तिनें पोथी मिटून ठेवली. त्या रविवारीं वही उघडल्यावर ती म्हणाली, "मधल्या रकान्यांत शून्य लिहा." मीं लिहिलें नाहीं. उद्यांपासून मी वाचतों, तूं ऐक, असें सांगितलें.

"आणि अहो, पुण्य कोणाच्या खात्यावर?"

"वही माझ्याजवळ आहे," मीं म्हटलें.

मोठ्यानें वाचणें ही निराळीच विद्या आहे. डोळ्यांनीं वाचतांना मी तिसऱ्या चरणावरून चौथ्यावर घसरून जात असें. आतां तें चालत नाहीं. ज्याच्या कानांत ग्रंथ तीस वर्षें मुरलेला आहे असा श्रोता समोर असतो. शब्द चुकीच्या जागीं तुटला कीं ती नुसता हात वर करिते. बाराव्या अध्यायांत भक्ताचीं लक्षणें येतात तेथें ती तीन दिवस अडून बसली. रोज म्हणे, "कालचेंच पुन्हां वाचा." बारावा अध्याय सगळा मिळून अडीचशेंच्या आंतला, पण त्या आठवड्यांत साठच ओव्या झाल्या, आणि वहींत मीं साठ लिहिल्या. मुलानें ज्ञानेश्वरीचें ध्वनिमुद्रण आणून दिलें आहे. तें ती दुपारीं ऐकते, पण वहींत मांडूं देत नाहीं. कारण विचारलें तर म्हणते, "त्याला माझें थांबणें कळत नाहीं."

चालण्याच्या रकान्याचीही रीत बदलली. पूर्वीं आम्ही आगेंमागें चालत असूं, मी पुढें. आतां तिचा हात माझ्या दंडाला असतो. कोठें खणून ठेवलें आहे, पायरी केव्हां येते, कोणी दुचाकी पदपथावर चढविली आहे, हें सगळें तोंडानें सांगत जावें लागतें. त्यामुळें ज्या रस्त्यावरून पंचवीस वर्षें गेलों तो मीं आतां प्रथमच नीट पाहिला. १५० मिनिटें भरतात, दहा हजार पावलें कांहीं भरत नाहींत. तेव्हां आम्हीं पावलें मोजणें सोडलें आणि मिनिटें ठेवलीं.

पुस्तकाचा रकाना मात्र घटला आहे. आठवड्याला दीडशें पानें होत, तीं सत्तरांवर आलीं. संध्याकाळचा जो तास माझ्या पुस्तकाचा होता तो पोथीकडे गेला. मला त्याचें कांहींच वाटत नाहीं असें लिहिलें तर तें खोटें होईल. अर्धवट राहिलेलें पुस्तक वाचनालयाला परत करावें लागतें तेव्हां जीव चुटपुटतो, आणि कांहीं रविवारीं तो सत्तरचा आंकडा लिहितांना हात जड होतो. तिला तें न दिसतां कळतें. अशा रविवारीं ती, आज पोथी लौकर आटपूं या, असें म्हणते, आणि मग एखाद्या ओवीपाशीं अडून बसते तें बसतेच.

गेल्या रविवारीं बारावा संपला. आतां तेरावा लागेल. तो एकटाच हजारावर ओव्यांचा आहे, अठरावा तर अठराशेंवर; म्हणजे अध्याय सहाच राहिले असले तरी ग्रंथ निम्म्याहून अधिक उरतो. आठवड्याला १७५ आतां होणें नाहीं, १०० धरूं या, असें मीं सुचविलें. त्या मानानें पन्नासाला एक कमी, इतके आठवडे होतात. मीं तो आंकडा तिला वाचून दाखविला. डोळ्यांची पुढची तपासणी चार महिन्यांनीं आहे. तिनें थोडा वेळ बोटांच्या पेरांवर कांहीं मोजलें आणि म्हणाली, "एकशें वीस लिहा."