ओळख द्यावी ती जबाबदारी घेऊन

पोलादपूर तालुक्यातल्या घरांना मुंबई म्हणजे आधी मंडळ. गावाच्या नावाचं ग्रामस्थ मंडळ, लालबाग-परळकडे त्याची एक खोली, भिंतीकडेला रचलेल्या पत्र्याच्या ट्रंका आणि पाळीपाळीने झोपणारी माणसं. माझे आजोबा अशाच एका खोलीत उतरले होते. खोलीतल्या एका वडीलधाऱ्याने त्यांना गिरणीतल्या जॉबरपुढे उभं केलं आणि "पोरगा आमच्या गावचा, माझ्या जबाबदारीवर घ्या" एवढंच सांगितलं. आजोबांनी खाडे केले असते तर मान त्या वडीलधाऱ्याची खाली गेली असती. १९८२च्या संपानंतर गिरण्यांचा आधार तुटला, वडील महाडच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला लागले. पण माणूस माणसाच्या शब्दावर कामाला लागतो, हे आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आले. पुढे जपानी कंपन्यांत दुभाषी म्हणून काम करताना तेच माझ्यासमोर पुन्हा आलं.

जपानी शिकायला मी पुण्याला गेले. पुण्यात या भाषेचा राबता जुना आहे. फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ, पेठांमधले घरगुती वर्ग. सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली पु. ल. देशपांडे उद्यानाची हिरवळ. जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेच्या पातळीची परीक्षा. एन-५ ही सगळ्यांत सोपी पायरी, एन-१ सगळ्यांत अवघड. वर्गात सातारा, सांगली, सोलापूरची मुलं बरीच होती. महाडकडचं मात्र शोधावं लागे. पावसाळ्यात वरंध घाट बंद असला की आम्ही ताम्हिणीवरून जायचो आणि त्या एसटीतच माझी तिघांशी ओळख झाली. मांडीवर उघडलेली कांजीची, म्हणजे जपानी अक्षरांची, वही बघून कुणीही विचारलंच असतं.

चाकणला पहिली नोकरी लागली त्या वर्षी मी पहिल्यांदा एका मोठ्या हॉटेलातल्या परिचय-संध्याकाळी गेले. जपानी अधिकारी, वाहनांचे सुटे भाग करणारे पुण्याचे कारखानदार, अनुवादक, आयटीतली मुलं-मुली. तिथे कार्ड कसं द्यायचं-घ्यायचं हे आम्हाला वर्गात शिकवलं होतं: दोन्ही हातांनी, नाव समोरच्याला वाचता येईल असं धरून, घेतलेलं कार्ड वाचायचं, बसल्यावर टेबलावर समोर ठेवायचं, मागच्या खिशात कोंबायचं नाही. ते सगळं नीट जमलं. पण खरं शिक्षण निघताना मिळालं. आमच्यातल्या एका ज्येष्ठ दुभाषी ताईंनी मला जिन्यातच थांबवलं. "आज झोपायच्या आधी प्रत्येकाला तीन ओळी लिही. कुठे भेटलो, काय बोललो, आणि तू काही पाठवते म्हणाली असलीस तर ते सोबत जोड. उद्यावर टाकू नकोस." मी लिहिल्या. बहुतेकांची दोन ओळींची उत्तरं आली आणि विषय तिथेच थांबला. एका साहेबांनी मात्र पुढे वर्षभर माझ्याकडून लहानलहान गोष्टी विचारून घेतल्या: अमुक तांत्रिक संज्ञा मराठी कामगाराला कशी सांगाल, दिवाळीला सुट्टी नेमकी किती दिवस द्यावी. उत्तर देता येणार नसेल तर तसं त्याच दिवशी कळवायचं, हा नियम मी पाळला. वर्षानंतर त्यांनी विचारलं, रसायनं समजणारा आणि थोडी जपानी येणारा मुलगा तुमच्या माहितीत आहे का?

मुलगा होता. बिरवाडीचा, लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातून रासायनिक अभियांत्रिकी केलेला, एन-४ झालेला, महाडच्याच एका कारखान्यात शिफ्टला असलेला. मी त्याचे गुण, प्रकल्प, भाषेची पातळी असं सगळं लिहून पाठवलं. साहेबांचा उलट प्रश्न आला: "त्याच्या हातून चूक झाली तर तो किती वेळात सांगतो?"

हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी महाडला जाऊन त्याच्या शिफ्ट इन्चार्जना भेटले. कारखान्याच्या गेटबाहेरच्या टपरीवर उभं राहून ते सांगत होते: रात्रपाळीत या मुलाने लॉगबुकात तापमानाचा आकडा चुकीच्या रकान्यात भरला, तासाभराने त्याच्याच लक्षात आलं, आणि खाडाखोड न करता एक रेघ मारून, शेजारी सही करून, तो थेट यांच्याकडे आला. बॅच पुढे जाण्याआधी. "न सांगता चालून गेलं असतं," ते म्हणाले. मी हे जसंच्या तसं जपानीत लिहून पाठवलं. गुणपत्रिकेबद्दल नंतर कुणी काही विचारलं नाही. मुलगा रुजू झाला आणि त्याच दिवसापासून त्याच्या कामाची थोडी जबाबदारी माझ्याही अंगावर आली, हे साहेबांनी न बोलताही मला कळत होतं. आजोबांच्या खोलीतल्या त्या वडीलधाऱ्याने नेमकं काय केलं होतं, ते मला तेव्हा उमगलं.

२२ जुलै २०२१ला महाडची बाजारपेठ पुरात बुडाली, तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. पाणी ओसरल्यावर पुण्याहून जपानीत काम करणारे आमच्या भागातले जे आले, ते चिखल उपसताना एकमेकांना खरे ओळखू लागले. त्यानंतर गणपतीत सगळे गावी असतात, तर एक दुपार महाडमध्ये बसायचं, असं ठरलं. या बैठकीला नाव नाही, वर्गणी नाही. कशेडी घाटाच्या पलीकडे लोट्याला कन्साई नेरोलॅकचा रंगाचा कारखाना आहे, जपानच्या कन्साई पेंटचा. तिथल्या कामाची माहिती असलेला एक जण येतो. टोकियोच्या निशी-कासाईत राहणारी एक आयटीतली मुलगी सुट्टीवर असली की येते. तो एदोगावा वॉर्डचा भाग. तिथून २०१९ साली मूळचे भारतीय असलेले योगेंद्र पुराणिक वॉर्डाच्या सभागृहात निवडून आले, आणि महाडच्या मुलांना परदेशातलं सार्वजनिक आयुष्य म्हणजे काय हे सांगताना आम्हाला हे उदाहरण फार उपयोगी पडतं. प्रत्येकाने आपलं काम थोडक्यात जपानीत सांगायचं, मग मराठीत. त्यानंतर मोठ्यांनी एकेक लहान वाटून घ्यायचा: त्याचा अर्ज वाचायचा, महिन्यातून एकदा फोन करायचा, आणि शब्द द्यायची वेळ आली तर आधी त्याच्या कामावर जाऊन चौकशी करायची.

एका वर्षी पुण्याहून एक जपानी पाहुणे आमच्यासोबत आले. गांधारपाले लेणी बघून आम्ही त्यांना चवदार तळ्यावर नेलं. सांगायचं काम पोलादपूरच्या एका मुलाकडे होतं, नुकताच एन-३ झालेला. २० मार्च १९२७, डॉ. आंबेडकर, हजारो माणसं, असं तो नीट सांगत होता. जनावरं या तळ्याचं पाणी पीत, पण अस्पृश्य मानलेल्या माणसांना ते घेऊ देत नसत, हे त्याने सांगितलं तेव्हा पाहुण्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. मुलाचं कर्ता-कर्म उलटसुलट झालं असावं असं त्यांना वाटलं. त्याने तेच वाक्य पुन्हा, सावकाश उच्चारलं. पाहुणे काठाच्या पायऱ्यांवर बसले आणि त्यांनी वहीत तारीख लिहून घेतली. नंतर नागपूरच्या दीक्षाभूमीचे भदंत सुरई ससाई मूळचे जपानी आहेत, हे त्या मुलाने सांगितल्यावर बोलणं तासभर चाललं. कंपनी, पगार, व्हिसा यांतलं काहीही त्यात निघालं नाही. माझं ठाम मत आहे की त्या तासात त्या मुलाने जी ओळख कमावली, ती हॉटेलातल्या दहा संध्याकाळींत होत नाही. आपल्या गावाबद्दल जपानीत बोलता येणं ही प्रत्येकाची तयारी असलीच पाहिजे, असं आम्ही तेव्हापासून धरून आहोत.

आता या सगळ्याची गरज वाढली आहे. जपानने एप्रिल २०१९पासून विशिष्ट कौशल्याच्या कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला, जानेवारी २०२१मध्ये भारताशी त्याचा करार झाला. ऑगस्ट २०२५मध्ये दोन्ही देशांनी पाच वर्षांत पाच लाख माणसांच्या देवाणघेवाणीचं उद्दिष्ट जाहीर केलं, त्यात भारतातून जाणारे ५० हजार कुशल आणि होतकरू लोक धरले आहेत. वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम, हॉटेलं अशा कामांत आपली मुलं जाऊ शकतात. आणि म्हणूनच गावोगाव एजंट फिरू लागले आहेत. पोलादपूरच्या एका घरात काही लाखांच्या मागणीसाठी वरकस जमिनीचा तुकडा विकायची बोलणी झाली होती. त्या घरातली मुलगी नर्सिंग झालेली. तिच्या आईने मला फोन केला, "ताई, पैसे भरू का?" आम्ही एजंटाचा नोंदणी क्रमांक मागितला. त्याने आज देतो, उद्या देतो करत फोन घेणं बंद केलं. जमीन वाचली. मुलगी सध्या एन-४ची तयारी करते आहे, आमच्यातली एक जण रविवारी तिचं वाचन घेते.

मुंबई मंडळाने आमच्या तीन पिढ्या सांभाळल्या, कारण ओळख देणारा माणूस पुढेही हजर असायचा. आज महाड-पोलादपूरची जी मुलं-मुली पुण्यात, चाकणला, टोकियोत, ओसाकात जपानी कामात स्थिरावली आहेत, त्यांना माझी विनंती आहे: गणपतीला गावी याल तेव्हा एका तरी मुलाची जबाबदारी घ्या आणि ती वर्षभर निभवा. पालकांनाही सांगणं आहे. परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असावी लागते, ती ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते, आणि सेवाशुल्क म्हणून त्याला ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. त्यापलीकडे कुणी मागितलं तर एक पैसाही देऊ नका.