सुकेळ्यांचा केक

मुलांनो, "नाताळचा केक कुठे तयार होतो?" असं मी आमच्या तिसरीच्या वर्गात विचारलं, तर सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "बेकरीत!" खरं सांगायचं तर मीही इतकी वर्षं तसंच समजत होतो. पण गेल्या नाताळात वसईच्या एका घरात चुलीवर केक होताना मी पाहिला. नुसता पाहिला नाही, बिघडवलासुद्धा! ते पुढे सांगतोच.

आमच्या शाळेत चौथीला शिकवणाऱ्या बाई वसई तालुक्यातल्या नंदाखालच्या. दिवाळीत आमच्या घरून त्यांच्याकडे चकल्यांचा डबा जातो. तो डबा नाताळात परत येतो, आणि रिकामा कधीच येत नाही. त्यात नेवऱ्या असतात, शिंपल्यांसारखी दिसणारी गोड कुलकुलं असतात आणि केकचे चार जाड तुकडे असतात. त्या केकमध्ये मधाच्या रंगाचं, चिवट आणि फार गोड असं काहीतरी लागायचं. मनुका नव्हेत, खजूरही नव्हे. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "ती आमची सुकेळी. सर, तुम्ही एकदा घरीच या. आमच्या सासूबाई करतात केक."

मग तेवीस डिसेंबरला मी आणि माझी दुसरीतली मुलगी निघालो. दादरला विरार लोकल पकडली. भाईंदर गेलं की गाडी वसईच्या खाडीवरच्या पुलावर येते. दोन्ही बाजूंना पाणीच पाणी आणि मधे पाणजू नावाचं बेट. लेकीनं खिडकी सोडली नाही. विरारला उतरल्यावर मात्र तिचं तोंड पडलं, कारण स्टेशनबाहेर आपल्यासारख्याच इमारती आणि आपल्यासारखीच गर्दी! पण आगाशीच्या बाजूला जाणारी बस जरा पुढे गेली आणि रस्ता बदलला. केळीच्या बागा, पानवेली, विहिरी, मोगऱ्याचे ताटवे. या बागांना इथे वाडी म्हणतात. दारादारांत कागदी तारे टांगलेले होते आणि अंगणांत मुलं गवत-माती गोळा करून नाताळचा गोठा उभारत होती. दिवाळीत आपण किल्ला करतो ना, अगदी तशीच चिखलात बरबटलेली!

वसईवर पोर्तुगीजांचं राज्य १५३४ पासून होतं. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला, हे तुम्ही वाचाल किंवा वाचलंही असेल. त्या दोनशे वर्षांत इथली अनेक घरं ख्रिस्ती झाली. पण भाषा मराठीच राहिली. नंदाखालचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. वसईच्या वाड्या आणि विहिरींचं पाणी वाचावं म्हणून लोकांना घेऊन ते झगडले. २०२४ साली ते गेले.

बाईंच्या घरी पोहोचलो, तर आजी ओट्यावर बसल्या होत्या. लाल लुगडं, कानात सोनं. घरात त्या आपल्या कादोडी बोलीत बोलत होत्या. आमच्याशी मात्र लगेच तुमच्या-आमच्यासारखं बोलू लागल्या. "मास्तर, आधी सुकेळी आणायला जाऊ. चहा मग." (मला कुणी 'मास्तर' म्हटलं की उगाच छडी आठवते!)

सुकेळी म्हणजे वाळवलेली केळी. पण कुठल्याही केळ्याची नाही होत. त्याला राजेळी केळं लागतं, हातभर वाटावं असं लांब आणि घट्ट गराचं. शेजारच्या वाडीत एक काका ती करतात. आम्ही गेलो तेव्हा काठ्यांच्या मांडवावर सोललेली केळी ओळीनं उन्हात पहुडली होती. पूर्ण पिकलेली केळी सोलायची, उन्हात घालायची, रोज उलटायची आणि संध्याकाळी झाकून ठेवायची. नाहीतर रात्रीचं दव सगळा खेळ बिघडवतं. आठवडाभरात केळं आक्रसतं, तपकिरी होतं आणि त्याच्या अंगावर मधासारखा पाक सुटतो. मग ती केळीच्याच वाळक्या पानात गुंडाळून बांधायची. वरून साखरेचा एक कणही नाही! आणि ती टिकतात कशी? तर जिवाणूंना आणि बुरशीला वाढायला पाणी लागतं. ते उन्हानं काढून घेतलं की त्यांची उपासमार होते.

काकांनी आजींच्या हातात एक पुडकं ठेवलं. "पाचच आहेत हो वहिनी. यंदा एवढीच निघाली. आणि माझी ही शेवटचीच समजा."

"असं का?" लेकीनं विचारलं.

काकांनी हातानं पलीकडे दाखवलं. कुंपणाला लागूनच सात मजली इमारत उभी होती. "ती आल्यापासून मांडवावर दहानंतर ऊन येतं आणि चारला जातं. एवढ्या उन्हात सुकेळं वाळत नाही, आंबतं. मुलं नोकरीला. मांडव हलवायचा तर माझे गुडघे ऐकत नाहीत."

आजी काही बोलल्या नाहीत. पुडकं पदराखाली घेऊन चालू लागल्या.

घरी आल्यावर आजींनी सुकेळ्यांचे बोराएवढे तुकडे केले आणि ते दोन संत्र्यांच्या रसात भिजत घातले. त्यात मूठभर काजू आणि मूठभर टुटीफ्रुटी. आता मला सांगा, टुटीफ्रुटी कशाची असते? ती लाल, हिरवी, पिवळी रसरशीत चौकोनी फोड म्हणजे चक्क कच्ची पपई असते! पाकात शिजवून रंगवलेली. आणखी गंमत म्हणजे पपई आणि काजू ही झाडं मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्याकडे आली आणि इतकी रुळली, की काजू कोकणातला नाही असं सांगितलं तर कोकणातला माणूस भांडायला उठेल. केळं मात्र आपल्याच बाजूचं.

फळं मुरेपर्यंत बाकीची तयारी. दोनशे ग्रॅम लोणी आणि तेवढीच पिठीसाखर आजींनी लाकडी डावानं इतकी फेटली, की ती पांढरीशुभ्र झाली. मग मी फेटायला घेतलं आणि पाच मिनिटांत माझा हात भरून आला. आजी सत्तरीच्या पुढच्या आहेत, बरं का! त्यात एकेक करून चार अंडी. मग अडीचशे ग्रॅम मैदा आणि दीड चमचा बेकिंग पावडर, दोन्ही एकत्र चाळून. किसलेलं जायफळ, संत्र्याच्या सालीचा कीस, थोडं सुकं खोबरं. केकला काळपट रंग यावा म्हणून त्यांनी चार चमचे साखर कढईत करपवून त्यात जपून पाणी ओतलं. ते असं काही फुसफुसलं, की लेक दाराबाहेर पळाली. (हे काम मोठ्यांनीच करायचं.) फळं निथळून कोरड्या मैद्यात घोळवली, म्हणजे ती सगळी तळाशी जाऊन बसत नाहीत, असं आजी म्हणाल्या.

ओव्हन? तो घरात होता. पण नाताळचा केक आजी चुलीवरच करतात. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात वाळू, वाळूवर तिवई, तिवईवर केकचं भांडं. वर घट्ट झाकण आणि झाकणावर निखारे. खालून आच, वरून आच.

"आता तासभर झाकण उघडायचं नाही," आजी म्हणाल्या आणि अंघोळीला गेल्या.

मुलांनो, वर्गात परीक्षेचा पेपर वेळेआधी पालथा करून बघू नका, असं तुम्हाला सांगणारा मीच. पण पंचवीस मिनिटं झाली आणि असा काही वास सुटला, की राहवेना. लेक म्हणाली, "बाबा, फुगला असेल का हो?" चिमट्यानं निखाऱ्यांसकट झाकण जरासं उचललं. केक छान टम्म फुगला होता. आणि आमच्या डोळ्यांदेखत तो मधोमध हळूहळू खाली बसला.

असं का झालं? केक फुगतो तो आतल्या वाफेनं, हवेनं आणि बेकिंग पावडरमधून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडनं. कडा आधी शिजून घट्ट होतात, मधला भाग शेवटी. तो घट्ट व्हायच्या आत गार हवा लागली, की आतला वायू आक्रसतो आणि कच्चं पीठ त्याच्याबरोबर खाली बसतं. हे सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं. त्याचा उपयोग शून्य! मला दिसत होती ती फक्त ती पाच सुकेळी. दुसरं काही असतं तर मी बाजारातून आणून दिलं असतं.

आजी आल्यावर सांगून टाकलं. त्यांनी झाकण उघडून पाहिलं, पुन्हा लावलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. "मास्तर, निखारे घाला आणखी. बसलाय, मेला नाही." पाऊण तासानं त्यांनी झावळीचा हीर मधोमध खुपसून बाहेर काढला. हीर कोरडा आला. केक गार झाल्यावर त्यांनी तो ताटात चक्क उलटा केला. बुडाची सपाट बाजू वर, खड्डा खाली!

पहिला तुकडा काकांकडे जायचा होता. तो घेऊन जायचं काम आजींनी मलाच दिलं. काकांनी तुकडा हातात फिरवला. खालचा खळगा त्यांना लगेच दिसला. मी सांगायला तोंड उघडलं, तोच लेक म्हणाली, "बाबांनी झाकण उघडलं!" काका इतके हसले, की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी सुकेळ्याचा एक तुकडा वेगळा काढून चघळला. म्हणाले, "एक दिवस आधी काढायला हवं होतं उन्हातून. जरा जास्त वाळलंय."

"मग पुढच्या वर्षी एक दिवस आधी काढा ना," लेक म्हणाली.

काका इमारतीकडे बघत राहिले. मग उठून बागेत गेले आणि राजेळीचा एक मुनवा खणून, त्याचा गड्डा ओल्या गोणपाटात बांधून घेऊन आले. केळीला बी नसतं. गड्ड्याशेजारी असे मुनवे फुटतात, तेच लावायचे. "तुमच्या शाळेत ऊन असतं का दिवसभर?" त्यांनी विचारलं.

परतीच्या लोकलमध्ये तो मुनवा मांडीवर घेऊन बसलो. सोमवारी शाळेच्या नळापाशी लावला. आता त्याला सात पानं आहेत. आठवं सुरळीतून बाहेर पडतंय, आणि पाचवीची मुलं रोज मधल्या सुट्टीत ते ओढून बघतात.