घरची खूण

काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे जुने अंक संकेतस्थळावर चढवण्याचे काम माझ्याकडे आले. सर्व्हर लिनक्सचा होता. माझ्या खात्यातल्या फाइली वेब सर्व्हरच्या फोल्डरमध्ये हलवल्या. पान उघडले, तर प्रवेश नाकारलेला. वैतागून माझे अख्खे खातेच सर्वांसाठी खुले केले. उत्तर तेच. अखेर एक माजी विद्यार्थी फोनवर म्हणाला, "सर, एसईलिनक्स बंद करून टाका." केले. अंक दिसू लागले.

आपण नेमके काय बंद केले, हे मात्र आठ महिन्यांनी वाचले. युनिक्सच्या परंपरेत फाइल कुणी वाचावी हे तिचा मालक ठरवतो, आणि 'रूट' तर सर्वाधिकारीच. अशा अधिकाराने चालणारी एखादी सेवा कुणी फोडली, की ते सारे अधिकार त्याच्या हाती जातात. अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने डिसेंबर २००० मध्ये खुली केलेली आणि २००३ मध्ये लिनक्सच्या २.६ या गाभ्यात आलेली ही व्यवस्था निराळा विचार करते. प्रत्येक प्रक्रियेवर आणि प्रत्येक फाइलीवर एक खूण असते. कोणत्या खुणेने कोणत्या खुणेला हात लावावा, हे धोरणात लिहिलेले असते. जे लिहिलेले नाही, ते नाकारले जाते. मालकाचे औदार्य तिथे चालत नाही.

माझ्या फाइलींवर 'वापरकर्त्याचे घर' अशी खूण होती. प्रत केली असती तर नव्या जागेची खूण मिळाली असती. मी त्या हलवल्या, म्हणून त्या घरची खूण घेऊनच गेल्या. वेब सर्व्हरला घरातले वाचण्याची मुभा नव्हती. त्याला अडवले गेले, ते योग्यच होते.

कारण त्याच घरात विद्यार्थ्यांचे फीमाफीचे अर्ज होते. वडिलांचे उत्पन्न, कर्ज, आजारपण. मुलांनी संकोचाने, केवळ माझ्यावर विसंबून लिहिलेले. आठ महिने ते अर्ज आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये फक्त वेब सर्व्हरची निर्दोषता उभी होती. कुणी ते वाचले असल्याची खूण सापडली नाही. पण हा दिलासा माझ्या सावधपणाने मिळवलेला नव्हता.

खाते पुन्हा बंदिस्त केले, एसईलिनक्स सुरू केले. यंत्राने प्रत्येक फाइलीवर तिच्या जागेप्रमाणे नव्याने खूण केली. त्याला बराच वेळ लागला. मी समोर बसून राहिलो. नंतर अंकही दिसू लागले, आणि घरही मिटलेले राहिले.

ते अर्ज माझ्या खात्यात होते, म्हणून मी स्वतःला त्यांचा मालक समजत होतो. ते खुले करण्याचा अधिकार माझा नव्हताच.